सांगली गप्प झाली तेव्हा

"सांगली, सांगली, सातारा बोलतोय. ओव्हर."

सेटमधून नुसती खरखर. मागं साहेब उभे.

सत्तरच्या दशकात मी साताऱ्यात वायरलेस मेकॅनिक होतो. गाव सांगली जिल्ह्यातलं कडेगाव, लग्न नवीन, बायको गावी. सांगलीला बदली मिळावी म्हणून जीव नुसता तळमळत होता. साहेब म्हणाले होते, "दुरुस्त केलेल्या सेटवरून सांगलीशी बोलून दाखव, सही करतो." सकाळी सांगली खणखणीत येत होती. दुपारी साहेब बघायला आले आणि सगळं मेलं.

"उघड तो सेट."

"सेट चांगला आहे साहेब. हा सूर्याचा घोळ आहे."

"बदलीसाठी सूर्यावर ढकलतोस व्हय रं?" साहेब शिराळ्याकडचे. चिडले काय, खूश झाले काय, गावचीच बोली.

मी त्यांचा ट्रान्झिस्टर लावला. जमिनीलगत येणाऱ्या मीडियम वेव्हवर गाणी चालू, शॉर्टवेव्हवर चिडीचूप. आमचा आवाज शॉर्टवेव्हवरच जायचा. आभाळात उंचावर एक थर आहे, त्यावर आपटून तो सांगलीत उतरायचा. सूर्यावर भडका उडाला की त्याच्या खालचा थर दाट होतो आणि आवाज वाटेतच गिळतो.

"आणि भडका कशानं उडतो?"

सूर्याकडं थेट बघायचं नाही, डोळे जातात. मी ऑफिसातल्या दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडला. काळ्या डागांचा पुंजका दिसला. मग खिडकीच्या गजाला दोरी बांधली, पीळ देत गेलो आणि हात जरा सैल सोडला. दोरीनं वेटोळं घालून उसळी मारली. डागांपाशी चुंबकीय क्षेत्राला असाच पीळ बसत जातो. सोसेनासा झाला की साठलेली ताकद भडकून बाहेर पडते.

साहेबांनी दोरी हिसकून घेतली आणि स्वतः उसळवत बसले.

ऊन कललं तसा भडक्याचा जोर ओसरला. पुणं आलं, कोल्हापूर आलं. सांगली नाही.

"सूर्याचं सांगलीशीच वाकडं हाय काय रं?"

बायकोला काय तोंड दाखवू, या विचारात हाका मारत राहिलो.

चहा संपता संपता सांगलीचा ऑपरेटर उगवला. "आवं सातारा, बिघाड झाला वाटलं म्हून मी सेट उघडला हुता. आता जुळवलाय. दोन-चार स्क्रू उरल्यात, पर चालतंय. ओव्हर."

साहेब टेबल बडवत हसले. पेन काढून तिथंच सही केली.

"जा गड्या. सांगलीला तुझी लय गरज हाय."

मला तर एस.टी.तही बसवत नव्हतं, इतका आनंद. सांगलीत पहिलं काम केलं ते उरलेले स्क्रू बसवण्याचं. तेव्हापासून सगळी स्टेशनं एकदम गप्प झाली की मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतो आणि चहा मागवतो.