जिन्यावरची खुर्ची

जर्मनीत चार वर्षं राहून आलो म्हटलं की लोकांना बर्फाच्या, बटाट्यांच्या आणि भाषेच्या गमती हव्या असतात. त्या माझ्याकडेही आहेत. पण चहाचा दुसरा कप झाला, बाहेर जरा अंधारून आलं, की कुणीतरी हळूच म्हणतंच, "वहिनी, ते किंडरहाइमचं सांगा ना." मग एकातून दुसरा किस्सा निघतो. असले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते आपले आपण येऊन बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत.

तर १९५३ साली आमचे हे स्टुटगार्टला पीएचडी करायला गेले. विषय व्हायब्रेशन्स. वर्षभराने मी आणि पाच वर्षांचा शशी पोचलो. भाड्याच्या खोलीत दिवसभर भिंतीकडे बघून मी कंटाळून गेले. तेव्हा घरमालकीण म्हणाली, वर टेकडीवर अनाथ मुलांचं घर, किंडरहाइम, आहे, तिथे कामाला हात कमी पडतात. तेव्हापासून दर शनिवारी-रविवारी आम्ही तिघंही तिथे, शनिवारी रात्री मुक्कामालाच. मी किचनमध्ये, हे मोडकंतोडकं दुरुस्त करायला आणि शशी मुलांत खेळायला.

ते घर पूर्वी एका वाइनच्या व्यापाऱ्याचं होतं. खाली भलंमोठं तळघर, मधोमध वळणाचा लाकडी जिना, भोवती द्राक्षांचे मळे. घर चालवायच्या श्वेस्टर, म्हणजे सिस्टर, आग्नेस. उंच, खडूस, पण मनाने अगदी लोणी. यांना त्या पहिल्या दिवसापासून 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायच्या. पीएचडी व्हायला अजून तीन वर्षं होती, पण यांनी त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही!

* * *

आमच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. शनिवारची दुपार, मुलं अंगणात खेळत होती. एकदम गावातला भोंगा वाजला. आग लागल्यावर वाजवायचा भोंगा नीट चालतोय का ते बघत होते, हे मला नंतर कळलं.

मुलं त्या क्षणी गप्प झाली. एका ओळीत आत आली, तळघरात उतरली आणि भिंतीला पाठ लावून बसली. कानांवर हात, तोंडं उघडी. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

मोठ्या मुलांचं मी समजू शकत होते. युद्ध त्यांनी पाहिलं होतं. पण त्यात तीन-चार वर्षांची चिल्लीपिल्ली होती, युद्ध संपल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. मी श्वेस्टर आग्नेसना विचारलं, "यांना हे कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही तर विसरा म्हणून सांगतो."

ओळीच्या शेवटी आमचा शशी. सांगलीत जन्मलेला. त्याच्याही कानांवर हात आणि तोंड उघडं! भोंगा थांबल्यावर मी त्याला जवळ घेतलं. "तोंड का रे उघडं ठेवलंस?"

"नाहीतर कान फुटतात. त्या दादाने दाखवलं असं करून."

"कुठल्या दादाने?"

शशीने तळघरातल्या सगळ्या मुलांवरून नजर फिरवली. दोनदा फिरवली. मग म्हणाला, "तो वर गेला वाटतं." जिन्याच्या तोंडाशी मीच उभी होते. माझ्यासमोरून कुणीही वर गेलेलं नव्हतं.

* * *

आता गेर्डाचं सांगायला हवं. बारा वर्षांची, सडसडीत, कमी बोलणारी. जिन्याच्या मधल्या वळणावर एक खिडकी होती, तिथून खालचा रस्ता दिसायचा. गेर्डाने जेवणघरातली एक खुर्ची तिथे नेऊन ठेवली होती. शाळा आणि कामं झाली की ती त्या खुर्चीवर. रात्रीच्या जेवणातला अर्धा ब्रेड ती त्या खिडकीत ठेवायची आणि सकाळी तो नसायचा.

"उंदीर," आमच्या ह्यांनी निकाल दिला. आणि बाजारातून चांगला दणकट चाप आणला. स्प्रिंग इतकी कडक की तो लावताना स्वतःचंच बोट सुजवून घेतलं. घरातल्या एकाही मुलाला तो ताणता येईना, हे मुद्दाम करून पाहिलं.

चाप लावला त्या रात्री श्वेस्टर आग्नेस प्रार्थना म्हणत असताना तो फाडकन सुटल्याचं त्यांनी स्वतः ऐकलं. सकाळी आम्ही सगळे उत्साहाने बघायला गेलो. ब्रेड नाही, उंदीरही नाही. आणि चाप पुन्हा नीट ताणून लावलेला.

यांनी खाली बसून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "उंदीर एक वेळ ब्रेड पळवेल," हे म्हणाले, "पण चाप परत लावून ठेवेल असं वाटत नाही."

गेर्डा खुर्चीतून बघत होती. रागावून म्हणाली, "हेर डॉक्टर, पुन्हा नका लावू. त्याचं बोट दुखतंय."

"कुणाचं?" यांनी स्वतःचं सुजलेलं बोट कुरवाळत विचारलं. पण तिने तोंड रस्त्याकडे फिरवलं होतं. चाप आम्ही घरी आणला आणि पुन्हा कधी वापरला नाही.

* * *

एका रविवारी सकाळी श्वेस्टर आणि सगळी मुलं चर्चला गेली होती. घरात आम्ही तिघंच. शशी दोन दिवस नुसता किरकिरत होता, जेवत नव्हता. माझ्याकडे सांगलीहून आलेल्या मिरच्या होत्या. म्हटलं, घर मोकळं आहे, दृष्ट काढून टाकावी.

मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या त्याच्यावरून उतरवल्या आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या. हे आधीच नाक दाबून दाराशी उभे. साध्या फोडणीलाही ठसकणारा माणूस! पण मिरच्या तडतडून काळ्या झाल्या तरी वास म्हणून नाही. ठसका नाही, डोळ्यांना पाणी नाही.

"बघा, केवढी दृष्ट होती," मी म्हटलं.

"दृष्ट कसली? चिमणीला ओढ चांगली आहे. धूर सरळ वर गेला."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं.

लहान मुलाचा कोरडा खोकला. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. आणि मग लाकडी जमिनीवरून धावत गेल्याचा आवाज. हे तसेच वर गेले. सगळ्या खोल्या उघड्या, पलंगांवर चादरी ताणलेल्या, माणूस नाही. खाली येऊन म्हणाले, "वर चिमणीला फट असणार. धूर तिथून बाहेर पडला."

"अहो, धूर बाहेर पडला हे मान्य. पण खोकलं कोण?"

पुढच्या शनिवारी यांनी शोधली तर फट खरंच निघाली. ती यांनी सिमेंटने बुजवली आणि विषय संपल्याचं जाहीर केलं. शशी मात्र दृष्ट काढली त्याच दुपारी दोन वाट्या भात जेवला होता.

* * *

जवळच्या गेर्लिंगेन गावचा एक बेकर आणि त्याची बायको गेर्डाला दत्तक घ्यायला तयार होते. साधी, मायाळू माणसं. दर वेळी येताना सगळ्या मुलांना गोड पाव आणायची. गेर्डाने त्यांना दोनदा नाही म्हटलं होतं.

श्वेस्टर आग्नेस मला बटाटे सोलता सोलता म्हणाल्या, "हे बघा, फ्राउ लिमये, एवढ्या मोठ्या मुलीला कुणी मागत नाही. हे लोक आणखी एकदा येतील. तेव्हाही नाही म्हणाली तर चौदाव्या वर्षी कारखान्याच्या वसतिगृहात जाईल आणि तिला घर असं कधी मिळणारच नाही. तुमच्याशी बोलते ती. विचारा."

मी तिच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले आणि विचारलं. तिने सरळ सांगितलं.

युद्धाच्या शेवटी पूर्वेकडून माणसं पळत होती, तेव्हा ती तीन वर्षांची आणि तिचा भाऊ होर्स्ट नऊ वर्षांचा. दोघंच मालगाडीच्या डब्यात. तिला फार तहान लागली, ती रडायला लागली. एका स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा होर्स्ट पाणी आणायला उतरला. "इथून हलू नकोस, मी पाणी घेऊन आलोच," म्हणाला. गाडी सुटली.

"मी दुसऱ्या घरी गेले तर तो आल्यावर मला शोधणार कुठे?" गेर्डा म्हणाली.

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, हिला उचलावं आणि सांगलीला घेऊन जावं. पण ती तर गेर्लिंगेनला जायला तयार नव्हती, तिथे सांगलीचं काय!

मग ती मला किचनच्या दारापाशी घेऊन गेली. दाराच्या चौकटीवर श्वेस्टर दर वर्षी मुलांच्या उंचीच्या रेघा पेन्सिलने मारायच्या, बाजूला नाव लिहायच्या. एका रेघेपुढे नाव नव्हतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाएवढी उंची.

"ही पुसली तरी परत येते," गेर्डा म्हणाली. "आधी मी हिच्या खूप खाली होते. यंदा मी वर गेले."

"गेनाऊ, अगदी खरं," श्वेस्टर आग्नेस मागून म्हणाल्या. "मी दोनदा रंग दिला चौकटीला."

जुन्या पेन्सिलीचं शिसं रंगातून वर येतं, असं आमच्या ह्यांनी मला ट्राममध्ये समजावलं. पण बोलताना माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

* * *

त्यानंतरच्या भाऊबीजेचं सांगते. नोव्हेंबरचा शनिवार होता. माझा भाऊ सांगलीला. भाऊ जवळ नसला की आपण चंद्राला ओवाळतो, म्हणून मी काठाचं पितळी तबक सोबत नेलं होतं. लोणी कढवून तूप केलं, निरांजन लावलं, कुंकू आणि अक्षता घेतल्या. सुपारी नव्हती म्हणून अक्रोड ठेवला. चंद्र दिसला तर जिन्यावरच्या खिडकीतूनच दिसणार, म्हणून तिथे गेले. गेर्डा खुर्चीत होतीच.

"हे काय?" तिने विचारलं, आणि मी सांगून बसले. बहीण भावाला ओवाळते, त्याला खूप आयुष्य मिळावं म्हणून. भाऊ तबकात काहीतरी घालतो.

"काय घालतो?"

"जे आणलं असेल ते."

श्वेस्टर आग्नेस जिन्याखालून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा कडक झाला. "फ्राउ लिमये, या घरात आम्ही भावांचा विषय काढत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्याच बेकर आणि त्याची बायको शेवटचं विचारायला येणार होते, आणि मी नेमकी आज ही खपली काढली होती!

बाहेर दाट धुकं. चंद्र कुठला, रस्तासुद्धा दिसत नव्हता. गेर्डा उठली. माझ्या हातातलं तबक तिने घेतलं आणि खिडकीकडे पाठ केली. वर जाणाऱ्या जिन्याच्या अंधाराकडे तोंड करून तिने ओवाळलं. मी शिकवलं नव्हतं तरी बरोबर ओवाळलं. मग तबक पायरीवर ठेवलं.

"उचलू नका. त्याला वेळ लागतो," ती म्हणाली.

जेवणाची घंटा झाली. सगळी मुलं, श्वेस्टर, आम्ही तिघं, गेर्डासुद्धा, एकाच लांब टेबलाशी बसलो. दार श्वेस्टरनी स्वतः लावलं होतं. जेवण होईपर्यंत कुणीही उठलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा गेर्डाने अर्धा ब्रेड बाजूला ठेवला नाही, सगळा खाल्ला.

जेवण झाल्यावर आम्ही जिन्याकडे गेलो. पुढे गेर्डा, मागे मी, हे आणि श्वेस्टर आग्नेस.

तबक काठोकाठ पाण्याने भरलेलं होतं. तळाशी अक्षता, कुंकवाने लालसर झालेलं पाणी, त्यात तरंगणारा अक्रोड. मधोमध निरांजन तेवत होतं.

यांनी वर छताकडे पाहिलं. भिंतीला हात लावला, खिडकीची कडी तपासली. सगळं कोरडं ठणठणीत.

गेर्डाने निरांजन अलगद काढून माझ्या हातात दिलं. मग दोन्ही हातांनी तबक उचललं आणि तोंडाला लावलं. मी "अगं" म्हणेपर्यंत ती पीत होती, थांबत नव्हती. शेवटचा थेंब पिऊन तिने तबक खाली ठेवलं, बाहीने ओठ पुसले. मग आपली खुर्ची उचलली, खाली जेवणघरात नेली आणि टेबलाशी सरकवून ठेवली.

"उद्या ते लोक आले की मला हाक मारा," ती म्हणाली. "मी सामान बांधून ठेवते."

श्वेस्टर आग्नेस घाबरल्या की रागवायच्या. "एवढी तहान लागली होती तर किचनमध्ये यायचं होतंस! तिथे नळ आहे."

"ही आत्ताची नव्हती, श्वेस्टर," गेर्डा म्हणाली. "गाडीतली होती."