खिशात घातलेले हात

सर्व लहानथोर मंडळींना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, खून-दरोड्यांच्या कॉमिक्सची पहिली जाहीर समीक्षा सत्तरच्या दशकात शेलूबाजारच्या एका चहाच्या टपरीत झाली, आणि समीक्षक मी होतो! टाळ्या नंतर वाजवा. हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सासऱ्यांसमोरसुद्धा रंगवून सांगितला आहे — पण नेहमी अर्धाच. उरलेला अर्धा कोणालाच नाही. बायकोलाही नाही.

मी आणि सुखदेव, दोघंही गुलाब उस्तादांकडे दुकानांच्या पाट्या रंगवायचो. तो बौद्धवाड्यातला, मी दोन विहिरींच्या मळेवाल्यांचा. वय सारखंच, विशी-बाविशीचं. थांब्यावरच्या पुस्तकवाल्याकडे दोन हिंदी कॉमिक्स यायची. एकात टोपीवाला गुप्तहेर, दुसऱ्यात जीपवाला इन्स्पेक्टर. गोष्ट कोण वाचतो? आम्ही रेघ बघायचो.

टोपीवाल्याचा चित्रकार ब्रशवाला. अर्धं तोंड काळोखात बुडवायचा. खुनी दिसायचाच नाही, नुसता गालाचा एक पांढरा तुकडा. जीपवाल्याचा चित्रकार बारीक निबाच्या टाकाने कोरायचा — शर्टाचं प्रत्येक बटण, चाकाचा प्रत्येक नट, बाभळीचा काटा न् काटा. मी जीपवाल्याच्या बाजूने भाषण ठोकायचो, टपरीवर गर्दी जमायची. सुखदेव बशी फुंकत बसायचा. एकदा मात्र त्याने जीपवाल्याचं पुस्तक उचललं, पानं चाळली आणि म्हणाला, "याचे सारे लोक खिशात हात घालून काहून फिरतात? नाई तं दाराआड. गड्याले हात काढताच येत नाईत." मग माझ्याकडे बघून हसला. "तुह्यासारकंच."

खरंच होतं. मी बोटं काढली की गवारीच्या शेंगा व्हायच्या. सुखदेवने पाटीवर शिंपी काढला, तर त्याच्या चिमटीतली सुई बघणाऱ्याला टोचायची.

मी लांबण लावतोय, नाही का? बरं.

बाजारातल्या एका आडत्याने नव्या भिंतीला चुना दिला होता. त्यावर शेतकरी आणि बैलजोडी काढायची, अख्खी भिंतभर. उस्तादांनी ते काम सुखदेवला दिलं. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी सुखदेवचा ब्रश उचलला आणि त्या भिंतीवर आडत्यालाच खुनी करून टाकलं — काळी टोपी, लांब कोट, अर्धं तोंड अंधारात. थट्टा म्हणून? जळून? की तसा काळोख मलाही जमतो का, ते बघायला? जन्मात काढलेलं ते माझं सर्वांत चांगलं चित्र.

सगळे जेवून परतेपर्यंत भिंतीपुढे गर्दी झाली. आडत्या लालबुंद. उस्ताद माझ्याकडे वळले. "टपरीवर तं लय सांगत असतं, ब्रश कोनाचा अन् टाक कोनाचा. सांग आता, हे कोनाचं काम हाय?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी भिंतीजवळ गेलो, एक डोळा मिटला, अंगठ्याने माप घेतलं — हो, नाटक केलं, लोक हसलेही. आणि मी निकाल दिला, की हा काळोख टोपीवाल्याच्या ब्रशचा आहे, आणि आपल्यात तसा ब्रश एकालाच चालवता येतो. नाव घ्यावंही लागलं नाही. कोणाला नवल वाटलं नाही. वाटणार नाही, हे मला आधीच ठाऊक होतं.

आडत्याने सुखदेवकडूनच भिंत धुऊन घेतली. उस्तादांनी त्याला काढून टाकलं. बाजारात पुन्हा कोणी त्याला पाटी दिली नाही. ते हात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. भिंत मी रंगवली. शेतकऱ्याचे हात कडब्याच्या पेंढीआड ठेवले.

मला काय वाटलं? काहीच नाही. त्या संध्याकाळी मी भजी खाल्ली. पुढेही काही वाटलं नाही — बधिर जागी चिमटा घ्यावा, तसं. घेतोय हे कळतं, एवढंच.

आणखी एक राहिलं. माझा निकाल ऐकून सुखदेव भांडला नाही. तो चित्राकडे बघत राहिला, कोटाच्या त्या दोन फुगलेल्या खिशांकडे. मग माझ्याकडे. आणि सगळ्यांसमोर त्याच्या तोंडून निघून गेलं —

"काहून बे, हात कुठी गेले याचे?"