बुटांचे धुतलेले तळ

बाबांच्या बुटांच्या तळाला शेण आणि काळी माती लागली होती, ती मी घासून काढली. मी केलं ते एवढंच. हे लिहायला बसले तेव्हा आईने विचारलं, "काय लिहून राह्यली?" मी म्हटलं, कॉलेजचं आहे. कॉलेजचं नाही. कुणाला सांगावं ते कळत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा केनवडजवळच्या एका गोदामावर चौकीदार आहेत. त्यांना साखरेचा आजार आहे, जुना. पायांना कळणं कमी झालं होतं, पण ते किती कमी झालं हे आम्हाला एका संध्याकाळी समजलं. ते ड्यूटीवरून आले, दाराशी चप्पल काढली आणि आत येऊन खाटेवर बसले. फरशीवर दारापासून खाटेपर्यंत रक्ताचे ठसे उमटले होते. खोक्याचा एक खिळा चपलेतून वर आला होता आणि दिवसभर पायात शिरत होता. बाबांनी खाली पाहिलं आणि विचारलं, "कोनाचं रगत हाय हे?"

वाशिमला दवाखान्यात भरती केलं. जखम साफ झाली, पण एक्स-रेत दिसलं की पायाच्या कमानीची हाडं आतून खचली आहेत. तळवा मधोमध खाली फुगला होता. सगळं वजन त्या फुगलेल्या जागेवर पडायचं. डॉक्टर म्हणाले, "या पायाला बाजारातला बूट चालणार नाही. साचा घेऊन बनवून घ्या. आणि नीट ऐका, घरातसुद्धा घालायचा. आंघोळ सोडली तर पाय जमिनीला टेकता कामा नये. पुन्हा जखम झाली तर साफ करून भागणार नाही." आणि त्यांनी स्वतःच्या घोट्याच्या वर बोटाने एक रेघ ओढून दाखवली. बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "घरात बूट? त्याइच्या घरी घालत असतीन."

अकोल्याच्या एका कारागिराने प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून दोन्ही पायांचे साचे घेतले. पंधरा दिवसांनी बूट मिळाले. रुंद, काळे, वर दोन पट्टे, खाली तळ असा की पाऊल पुढे आपोआप लोटलं जावं. आत मऊ थरांची गादी. बाबा ते घालून गल्लीत आले तेव्हा समोरचे काका ओट्यावरून म्हणाले, "काय पाटील, चंद्रावर चालले का?" आम्ही पाटील नाही, हे त्यांनाही माहीत आहे. बाबा म्हणाले, "चाल, मांगं बस."

माझ्या वर्षाच्या शिष्यवृत्तीत आईची कापूस वेचणीची मजुरी घालून त्या बुटांचे पैसे भरले होते. कारागिराने सांगितलं होतं की गादी वर्षभरात दबेल, मग नवीन जोड करावा लागेल. ठेकेदाराने चौकीदारांचा सामूहिक विमा काढलेला होता आणि दवाखान्यानंतरच्या साधनांचा खर्च त्यातून परत मिळू शकतो, असं त्याचा मुनीम म्हणाला. म्हणून आमचं ठरलं की विम्याचे पैसे आले की ते तसेच ठेवायचे, पुढच्या जोडासाठी. दुसरा कुठलाच मार्ग आमच्याकडे नव्हता.

फॉर्म मी भरला. सात पानं, इंग्रजीत. आमच्या घरात एवढा मोठा इंग्रजी कागद पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण वाचला होता. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा आनंद झाला होता. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी करून राह्यली सारं."

मग विमा कंपनीकडून कागद परत यायला लागले. मूळ बिल पाहिजे. ते पाठवलं, तर बिलावर रुग्णाचं पूर्ण नाव नाही. ते करून आणलं, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोणता पाय ते लिहिलेलं नाही. प्रत्येक वेळी मी कॉलेज बुडवून वाशिम नाही तर अकोला केलं. शेवटी फोन आला की बिल हाताने लिहिलेलं आहे, म्हणून आमचा माणूस घरी येऊन पडताळणी करेल.

मधल्या काळात घरात एक वेगळी लढाई चालली होती. बाबा बूट दाराशी काढायचे. आमच्या समोरच्या खोलीत वंदनेची जागा आहे, जिथे आम्ही रोज मेणबत्ती लावून हात जोडतो, आणि तिथूनच आत जावं लागतं. त्या जागेसमोरून पायताण घालून जायचं, हे त्यांना कुणी तोडून टाकलं तरी जमलं नसतं. मी पायाचे फोटो दाखवले, रागावले, एकदा रडलेसुद्धा. आईने मग उपाय काढला. बाबा आले की ती उंबऱ्याशी ओलं फडकं घेऊन बसायची, बुटांचे तळ पुसायची, मग ते आत यायचे. वंदनेच्या वेळी ते खाटेवर बसून पाय वर घ्यायचे. "आता हे पायच समजा," मी म्हणायचे. "तू शिकेल हायेस," ते म्हणायचे, "तू म्हनशीन तसं." चार महिने त्यांनी बूट घरात घातले. जखम पूर्ण भरली.

तो माणूस येणार होता त्या दिवशी मी पहाटे उठून घर झाडलं, चादर बदलली. खाटेखालच्या बुटांकडे लक्ष गेलं. आईच्या फडक्याने वरवरची माती जायची, खाचांमधली तशीच राहायची. तळ घाण, पट्ट्यांना घामाचे पांढरे डाग. मला वाटलं, साहेब काय म्हणेल, एवढी महागाची वस्तू कशी ठेवली आहे. आमच्याकडे कुणी अधिकारी येणार असला की आधी सगळं स्वच्छ करतात, शाळा तपासायला येणार असले की आम्ही बाकसुद्धा धुवायचो. मी ब्रश घेतला, साबण घेतला, खाचाखाचांतून माती काढली. पट्टे धुतले. वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि बूट ओट्यावर उन्हात वाळत ठेवले. बाबा तोवर खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "खाली उतरू नका." ते म्हणाले, "नाई उतरत."

तो सांगितल्यापेक्षा तासभर आधी आला. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. स्वच्छ शर्ट, हातात फाइल. ओट्यावर त्याने स्वतःचे बूट काढले, बाबांच्या बुटांशेजारी नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर आत आला. घरात पाहुणा आला म्हणून बाबा उठले. अनवाणी. माठातून पाणी काढून स्वतः त्याच्या हातात दिलं.

मी आत चहा ठेवत होते. त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"काका, बूट रोज घालता?"

"घालतो नं साहेब. ड्यूटीवर जातो तं घालतो."

"आणि घरात?"

बाबा म्हणाले, "नाई साहेब. घरात कोन घालते? आमी तसे लोक नोहोत."

मी कप घेऊन दारात उभी होते. मला बोलायला हवं होतं. पण पाहुण्यासमोर बापाला खोटं पाडायचं कसं, याच विचारात मी थांबले. मोजून सांगता येणार नाही, पण एक चहा ओतून होईल एवढा वेळ गेला असेल. मग म्हटलं, "घालतात सर. ते लाजतात सांगायला. आजच धुतले मी, म्हणून बाहेर आहेत."

तो ओट्यावर गेला. बूट उलटे करून तळांचे फोटो काढले. काळे, स्वच्छ, उन्हात चमकणारे. "ताई," तो म्हणाला, तसा वाईट माणूस नव्हता, "मला दिसलं ते लिहावं लागतं." चहा घेतला, बाबांना नमस्कार केला, आपले बूट घातले आणि गेला.

पत्र महिन्याभराने आलं. दावा नामंजूर, कारणं दोन. पहिलं, हे साधन रुग्णाच्या नियमित वापरात आढळलं नाही. दुसरं, पादत्राणं ही दैनंदिन वापराची वस्तू असल्याने पॉलिसीत बसत नाहीत. मी दोन्ही वाक्यं परत परत वाचली. बाबा बूट वापरत नाहीत, आणि बूट ही रोज वापरायची वस्तू आहे. दोन्ही एकाच कागदावर, एकाच सहीखाली. ज्याने सही केली त्याला हे दिसलं नसेल का, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. दिसलं असेल तर जास्त वाईट वाटतं.

मी अपील लिहिलं. वंदनेची जागा, आईचं फडकं, बाबा का खोटं बोलले, हे सगळं इंग्रजीत लिहिताना शब्द पुरत नव्हते आणि आपण बापाची काहीतरी चूक कबूल करतो आहोत असं वाटत होतं. उत्तर आलं ते जुनंच पत्र, फक्त वरची तारीख नवी.

बाबांना मी पत्राचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी बुटांकडे पाहिलं.

"म्या नाई म्हटलं म्हून?"

"नाही बाबा. मी धुतले म्हणून."

"तू कायले धुतले मंग?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळून घ्यायला. आई आतून म्हणाली, "गू लागेल बूट दाखवती का मंग साहेबाले?"

गेल्या आठवड्यात किन्हीराजाहून मामा आले. त्यांनी दाराशी चपला काढल्या, आत आले, आणि बाबांच्या पायांकडे पाहून थबकले. बाबा खाटेवर बसले होते, बूट घालून, पाय सरळ जमिनीवर ठेवून, वंदनेच्या जागेसमोर.

"काहून जी, बाहेर चालले का?"

"नाई," बाबा म्हणाले. "घरात घालतो मी. लिहून घ्या."

मामा हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. बाबा हसले नाहीत.

दर रविवारी मी बुटात हात घालून गादी दाबून पाहते. आधी अंगठा काढला की ती वर यायची. आता खड्डा तसाच राहतो. तळव्याच्या फुगलेल्या जागी रुपयाएवढा लाल डाग आला आहे. दाबल्यावर मी विचारते, दुखते का? बाबा म्हणतात, "कुठं?"