आत्याच्या नावाचं मत

माझी आत्या डूख धरते. हे मी कौतुकाने सांगतेय. लोक उगाच माफ करत सुटतात. आत्याने जन्मात कुणाला फुकट माफ केलेलं नाही.

सगळा जन्म नर्सची नोकरी करून तिने गुडघ्यांची वाट लावून घेतली. निवृत्त झाल्यावर क्लबची सभासद झाली, ती फक्त तिथल्या पोहायच्या तलावासाठी. जमिनीवर ती भिंत धरून चालते; पाण्यात उतरली की कुणाच्या बापाला ऐकत नाही. "तेवढा वेळ मला गुडघे नसतातच गं," म्हणते.

मागच्या वर्षी तिचा पाय मोडला. प्लास्टर घालून घरी पडली होती, तेव्हा क्लबचा अध्यक्ष सफरचंदं घेऊन भेटायला आला. आम्ही त्याला गोडबोल्या म्हणतो. "ताई, सभेला यायची दगदग नको. या कागदावर सही करा, तुमच्या वतीने मी मत देतो." आत्याने सही केली, वर त्याला चहा पाजला. आणि त्या लबाडाने त्याच सभेत तलाव बुजवून पार्टी हॉल बांधायचा ठराव आणला, नि आत्याचं मतही ठरावाच्या पारड्यात टाकलं!

कळलं तेव्हा आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा तलाव माझ्याच हाताने बुजवला मेल्याने!" उरलेली सफरचंदं तिने मला कचऱ्यात टाकायला लावली. चांगली होती, पण बोलायची सोय नव्हती.

ठराव पक्का व्हायला तो आणखी एका सभेत मंजूर व्हायला हवा होता. गोडबोल्या पुन्हा घरोघर फिरून म्हाताऱ्या, आजारी सभासदांच्या सह्या घेऊ लागला. मी म्हटलं, आपणही सह्या गोळा करू. "सह्या कशाला?" आत्या म्हणाली. "माणसंच आणू." दर सभेच्या सुरुवातीला गोडबोल्या स्वतःच एक नियम घडाघडा वाचून दाखवायचा: सभासद स्वतः हजर झाला, की त्याने दुसऱ्याला दिलेला मताचा कागद रद्द. ऐकायचं कुणीच नाही, वाचणाराही नाही. आत्याने मात्र ऐकला होता.

सभेच्या दिवशी सकाळपासून मी गाडीच्या खेपा घातल्या. कुणाची काठी, कुणाची व्हीलचेअर, एका आजोबांचा तर ऑक्सिजनचा सिलिंडर. माझी कंबर कामातून गेली. एकेक म्हातारं दारातून आत आलं, की क्लार्क गोडबोल्यासमोरच्या गठ्ठ्यातून त्याचा कागद काढून घ्यायचा. गोडबोल्या आधी हसून नमस्कार करत होता. मग नुसताच हसत होता. मग तेही थांबलं.

शेवटच्या खेपेला मी त्याच्या आईला आणलं. हो, सख्ख्या आईला! तीही जुनी सभासद, आणि तिचाही कागद त्याच गठ्ठ्यात.

"आई! तू इथे कशी?"

"सही घेताना म्हणालास, क्लबचं काहीतरी आहे," म्हातारी म्हणाली. "काय आहे ते या बाईंनी घरी येऊन सांगितलं." तिने आत्याकडे बोट दाखवलं. "अरे, तू पोहायला शिकलास याच पाण्यात ना?"

ठरावाच्या विरोधात हात वर करायला सांगितले, तर पहिला हात तिचा. ठराव साफ आपटला. मी शिट्टी मारणार होते, आत्याने चिमटा काढला.

गोडबोल्या तिच्या अंगावरच आला. "ताई, माझ्या आईला वापरलंत तुम्ही!"

"वापरलं तुम्ही मला," आत्या म्हणाली. "त्यांचा हात त्यांनीच वर केला."

म्हातारीचं लक्षच नव्हतं. इतक्या लांब आलेच आहे, तर पाण्यात पाय सोडते, म्हणाली. तिने काठावर बसून चपला काढल्या आणि ओल्या होतील म्हणून लेकाच्या हातात दिल्या. आत्या तोवर पाण्यात उतरलीसुद्धा होती. जमलेले सगळे बघत होते, आणि क्लबचे अध्यक्ष आईच्या चपला धरून उभे होते. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "आई, निघायचं का?"

"बसा हो आजी, घाई कसली?" आत्या पाण्यातून ओरडली. "धरल्यात ना त्यांनी!"