गुडघ्यावरची टोपी

संगमनेरच्या शाळेतले आमचे गुरुजी तसे तापट. पण कुणी बोलू लागलं की टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, आणि त्याचं बोलणं संपल्यावरच पुन्हा घालायचे. लढाईच्या त्या वर्षांत सगळ्याची टंचाई होती, गुरुजींच्या सवडीची मात्र नव्हती.

आमच्या वर्गातली सखू बोलताना फार अडखळायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला विचारलं, "पाढे का येत नाहीत?" ती "म... म..." करू लागताच ते दुसऱ्याकडं वळले. गुरुजींनी टोपी काढली. पाठोपाठ आम्ही सगळ्या पोरांनी काढल्या. गोंधळून साहेबांनीही हॅट गुडघ्यावर ठेवली.

"म... मला गाऊन म्हनू द्या. गाताना मी अडत न्हाई."

मग तिनं एकोणतिसाचा पाढा ओवीच्या चालीत खणखणीत म्हटला. साहेब ऐकतच राहिले.

शेवटी गुरुजी म्हणाले, "साहेब, हॅट घाला. तिचं झालं."