तूर घेऊन अंटार्क्टिकाला

माझी बायको सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवत होती. मार्चच्या उन्हात खिडक्यांना ओले पडदे लावलेल्या वर्गात उभं राहून ती मुलींना हिमनग कसा तुटतो ते सांगायची. हे मला तिच्या विद्यार्थिनींकडून कळलं. मी मार्केट यार्डातला आडत्या. माझा भूगोल दुधनीच्या तुरीपासून सुरू होतो आणि बार्शीच्या ज्वारीपाशी संपतो. तिच्या वर्गात मी एकदाही गेलो नाही आणि माझ्या दुकानात ती दिवाळीच्या पूजेपुरती यायची. संसार मात्र बरा चालला.

ती निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता काशी नाहीतर रामेश्वर. तिनं कपाटातून एक रंगीत पुस्तिका काढून माझ्यापुढं ठेवली. अंटार्क्टिकाला जाणारं जहाज, आलिशान खोल्या, रोज बर्फावर उतरवणार. निवृत्तीचे पैसे तिचे होते, त्यामुळं बोलायला मला फारशी जागा नव्हती. तरी मी विचारलं, "बर्फच बघायचा तर काश्मीर काय वाईट आहे?"

ती म्हणाली, "जन्मभर फळ्यावर काढलं. एकदा त्याच्यावर उभं राहायचंय."

आणि तिची एक अटही होती, ती पुढच्या सगळ्याच्या मुळाशी आहे म्हणून सांगतो. त्या सफरीत बहुतेक वेळा बेटांवर उतरवतात. खुद्द खंडाच्या जमिनीवर उतरायचा बेत एकाच दिवशी होता, तोही हवेनं साथ दिली तर. सगळे प्रवासी बेटालाच अंटार्क्टिका म्हणून फोटो काढतात, पण ही बाई भूगोलाची. "बेट म्हणजे खंड नव्हे," तिनं मला बजावलं. तो एक दिवस साधला तर सफर साधली, असा तिचा साधा हिशेब.

दुधनीहून माझी थोरली बहीण आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तितं देव कुटला हाय रं?"

"देव नाही अक्का. पक्षी आहेत."

"मग कशाला जाताय येवड्या लांब? हितं अक्कलकोटला जाऊन या की." तिचं म्हणणं मला मनापासून पटलं होतं, पण बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती.

कपड्यांची लांबलचक यादी आली. त्यात पाणी न शिरणारी पँट होती. पुण्याहून मागवली ती मला वीतभर लांब झाली. आमच्या शिंप्यानं खालून दुमडून टाके घातले. पुढंमागं सोडवता येईल म्हणून दुमड बाहेरच्या बाजूनं ठेवली. बायको म्हणाली, "सवय व्हावी म्हणून घरात घालून फिरत जा. दुकानात मात्र नेऊ नका." कारणही तिनं सांगितलं होतं. त्या खंडावर बाहेरचं एक बीसुद्धा जाऊ देत नाहीत, उतरण्याआधी कपडे तपासतात.

मी नेली. खरं कारण सांगायला आता लाज वाटते, पण सांगतो. मला यार्डात मिरवायचं होतं. साठी उलटलेला माणूस, तुरीच्या थप्प्यांमधून काळी चकचकीत पँट घालून महिनाभर फिरत होतो. दोन दुकानं पलीकडचे व्यापारी चहाला यायला लागले. आमचा जुना हमाल म्हणाला, "मालक, पँट लई भारी हाय. पर पाऊस न्हाय, पानी न्हाय, निगाला कुटं?" मी त्याला पृथ्वीचं टोक सांगितलं. पोत्यात हात घालायचा, मूठभर तूर काढायची, दोन दाणे दातांखाली धरायचे आणि उरलेली जाईल तिथं जाऊ द्यायची, ही चाळीस वर्षांची सवय. ती काही पँट बदलली म्हणून सुटत नाही.

जहाजाबद्दल फार लिहीत नाही. न्हाणीघरातली फरशी गरम होती. टॉवेल हातात आला की कोपरा उलटून कुठं विणलाय ते बघायचं, ही प्रत्येक सोलापूरकराची खोड. ते टॉवेल आपले नव्हते, पण बरे होते. जेवायच्या हॉलमध्ये मेणबत्त्या आणि पाच प्रकारचे चमचे. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. वाढणाऱ्या पोराला चटणी इतकी आवडली, की तिसऱ्या दिवसापासून तो आमच्या टेबलाशी रेंगाळायला लागला. दोन दिवस समुद्रानं आतडी पिळून काढली आणि मग एका सकाळी खिडकीत पांढरे डोंगर आले. बायको काचेला नाक लावून उभी होती. मी काहीतरी बोललो, तिनं ऐकलं नाही.

पहिल्या बेटाच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे कपडे तपासले. टेबलावर चिमटे, ब्रश, व्हॅक्यूम क्लीनर. माझ्या पाठीवरच्या पिशवीतून तुरीचे तीन दाणे आणि पोत्याची सुतळी निघाली. तपासणाऱ्या मुलीनं ते दाणे तळहातावर घेऊन भिंगातून बघितले. बायकोचा चेहरा लाल झाला. "आणखी कुठं काही?" मुलीनं विचारलं. पँटवर तिनं नुसता वरवर ब्रश फिरवला होता; तिच्या दुमडीची मला त्याच क्षणी आठवण झाली होती. पण बायको माझ्याकडं बघत होती, मागं रांग होती, आणि मी मान हलवून नाही म्हणालो. ते एक खोटं.

बेटं झाली, पेंग्विन झाले. त्यांच्या वासाचं पुस्तिकेत काही नव्हतं. पहिल्या बेटानंतर चौथ्या दिवशी सकाळी घोषणा झाली, हवा स्वच्छ आहे, आज खंडावर उतरायचं. बायको मला चहासुद्धा पिऊ देईना.

उतरायची पद्धत अशी. जहाजाच्या पोटाशी एक दार, तिथून पायऱ्या, खाली रबरी बोट. एकेका बोटीत आठ-दहा जण. बायको माझ्या पुढं होती. गुडघा दुखत असूनही ती खलाशाचा हात धरून झपकन उतरली आणि कडेला बसली. मी पायरीवर पाय टाकायला वाकलो आणि उजव्या पायाची दुमड उसवली. टक टक आवाज करत तूर लोखंडी फरशीवर सांडली. मूठभर तरी असेल. पुढची मागची सगळी गोरी मंडळी खाली बघायला लागली. आयुष्यात इतकी तूर हाताळली, पण तिचा आवाज इतका मोठा कधी वाटला नव्हता.

तीच तपासणारी मुलगी तिथं उभी होती. ती रागावली नाही. तिनं सांगितलं, पँट पूर्ण साफ करून या, शेवटच्या बोटीनं नेऊ. मी खाली बघितलं. बायको वर माझ्याकडं बघत होती. काय झालं ते तिला दिसलं होतं.

मी हात उचलून तिला वर यायची खूण केली. विचार करून केली नाही, हात आपोआप उठला. इतक्या वर्षांत लग्नातून निघायचं असो, नाटकाच्या मध्यंतरात उठायचं असो, मी खूण करायची आणि तिनं पर्स उचलायची. तिनं खूण बघितली. मग तोंड समोर फिरवलं, बोट चालवणाऱ्याला काहीतरी म्हणाली आणि बोट सुटली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मी खोलीत बसून टाके उसवले, ब्रशनं शिवण न् शिवण घासली. तासाभरानं परत दारापाशी आलो तर वारा सुटला होता. उतरणं थांबवलं आहे, बर्फावर गेलेल्यांनाही परत आणतायत, असं सांगितलं. मी डेकवर जाऊन दुर्बीण लावली. सगळ्यांना जहाजानं दिलेली एकसारखी लाल जॅकेटं होती. पांढऱ्या उतारावर लाल ठिपके हलत होते आणि त्यातली माझी बायको कोणती ते मला ओळखता येईना. खूप राग आला होता. तिचा की माझा, ते ठरेना. थोड्या वेळानं राग गेला आणि नुसतं एकटं वाटायला लागलं.

ती परत आली तेव्हा नाक आणि गाल लाल झाले होते. खोलीत येऊन तिनं बूट काढले, पलंगावर बसली. मी माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून ठेवलं होतं, त्याच्या आधी तक्रारीचं एक ठेवलं होतं. दोन्ही जमली नाहीत. मी विचारलं, "कसं होतं?"

"पायाखाली कर्रकर्र वाजतं," ती म्हणाली. "मी थोडा वेळ एकटीच लांब जाऊन उभी राहिले." मग जरा थांबून म्हणाली, "अहो, खोटं नाही बोलत. तिथं मला तुमची आठवण आली नाही. परतताना जहाज दिसलं तेव्हा आली."

मी तिचे ओले बूट उचलून दारापाशी ठेवले.

"तुमची खूण मला दिसली होती," ती म्हणाली. "आजवर प्रत्येक वेळी आले. आज आले असते तर पुढं तुमच्याशी नीट बोलता आलं नसतं मला."

"बरं केलंस," मी म्हणालो.

त्या दिवशी मी हे नुसतं म्हणालो. खरंच तसं वाटायला मला सोलापूरला परत यावं लागलं. त्यालाही बरेच महिने लागले.