आरशाच्या कडेच्या रेघा

आरसेमामांच्या दुकानात लहानमोठे मिळून साठ-सत्तर आरसे होते आणि तरीही त्यांच्या शर्टाचं वरचं बटण बहुतेक वेळा चुकीच्या काजात असायचं. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांची बायको, म्हणजे गल्लीची मामी, रोज सकाळी त्यांना दारात अडवून बटण सरळ करायची आणि म्हणायची, "अहो, दिवसभर आरसे पुसता, एकदा तरी त्यात बघत चला."

"मी आरसा बघतो. आरशात नाही बघत," मामा म्हणायचे आणि चपला पायात सरकवून निघायचे.

यात उडवाउडवी नव्हती. समोर उभं राहिलं की माणसाला स्वतःचं थोबाड दिसतं, काच दिसत नाही, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना दुकानात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे मामा कायम आरशाच्या बाजूला, जरा तिरके उभे राहायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं असं तिरकं राहून त्यांची मानही थोडी कलती झाली होती. फोटोवाला दरवेळी "मान सरळ" म्हणायचा आणि मामा म्हणायचे, "सरळच आहे."

जुने आरसे विकत घेण्याची त्यांची रीत ठरलेली होती. कुठे जुनं घर रिकामं होतंय, कुठे एखादं हॉटेल कायमचं बंद होतंय असं कानावर आलं की मामा पांढरा स्वच्छ रुमाल खिशात घालून हजर. आधी नखाचं टोक काचेला लावायचं. नख आणि नखाचं प्रतिबिंब यांच्यामध्ये जेवढी फट दिसते तेवढी काच जाड. जुनी काच बहुधा पातळ असते. मग रुमाल काचेसमोर धरायचा. नव्या आरशात तो पांढराफटक दिसतो, जुन्यात किंचित धुरकट. मालक तोवर चौकटीवरच्या नक्षीचं गुणगान गात असायचा, त्याला गाऊ द्यायचं. शेवटी आरसा पुढे ओढून मागे जायचं, फळ्या बघायच्या, खिळे बघायचे आणि चक्क वास घ्यायचा. ओल लागलेली फळी नाकाला लगेच कळते. एकदा एका बाईंनी विचारलं, "हे काय, हुंगताय काय?" मामा मान वर न करता म्हणाले, "पुढची बाजू सगळ्यांसाठी असते, बाई. खरं काय ते मागे."

घेतलेला आरसा आडवा ठेवायचा नाही, उभाच न्यायचा. टेम्पोत मामा स्वतः मागे बसायचे, आरशाला जुन्या रजईत गुंडाळून मिठी मारून. टेम्पोवाला म्हणायचा, "मामा, लग्नात मामींना तरी असं धरून बसला होता का?" मामा उत्तर द्यायचे नाहीत, कारण खड्डा आला की त्यांचा श्वास थांबलेला असायचा.

गिऱ्हाइकाला आरसा देताना मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. काचेवर थेट पाणी मारू नका. फडकं जरासं ओलं करा, घट्ट पिळा, मग पुसा, आणि कडेला तर अजिबात ओल नको, कारण ओल कडेनेच आत शिरते आणि मागचा पारा खाते. सोन्याचा वर्ख असलेल्या चौकटीला फडकं लावाल तर वर्ख फडक्याबरोबर घरी जाईल, तिला फक्त मऊ ब्रश. न्हाणीघरात लावू नका. उन्हासमोर लावू नका. हे सगळं ऐकून एखाद्याला वाटायचं की आपण आरसा नाही, कुणाचं तरी तान्हं मूल घेऊन चाललोय.

आणि कुणी म्हणालं, "हे काळे ठिपके काढून अगदी नव्यासारखा करून द्या ना," तर संपलंच.

"ते ठिपके जुन्या पाऱ्याचे आहेत. ते काढायचे म्हणजे सगळा पारा खरवडायचा आणि नवा चढवायचा. मग हा आरसा उरत नाही. नुसती काच उरते."

"पण मी पैसे देतेय ना?"

"बाई, पलीकडच्या रस्त्याला नवे आरसे मिळतात. छान असतात. स्वस्त असतात."

अशी कितीतरी गिऱ्हाइकं त्यांनी घालवली. मामी चिडायची. आता एवढं हट्टाचं काय आहे, असं बाहेरच्यांना वाटायचं. पण त्या हट्टाचं मूळ दुकानाच्या मागच्या खोलीत होतं, भिंतीकडे तोंड करून उभं.

तो एक माणसाहून उंच आरसा होता, जमिनीवर टेकणारा. मामांच्या लहानपणी कुणीतरी तो दुरुस्तीला टाकला आणि न्यायला कधी आलंच नाही. वर्षभर वाट बघून वडिलांनी तो घरी आणला आणि आई हरखून गेली. भोवती शिसवी चौकट, तिच्यावर कोरलेला द्राक्षाचा वेल, पानं, घोस आणि डाव्या बाजूला खाली एक छोटा पक्षी. घरात मुलं तीन. मोठी ताई, मग मामा आणि शेंडेफळ धाकटा. मुलाचा वाढदिवस आला की वडील त्याला आरशाला पाठ लावून उभं करायचे आणि ताई त्याच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची. वडील काचेवर साबणाच्या तुकड्याने खूण करायचे. मग चार स्क्रू काढून मागची फळी उतरवायची आणि त्याच उंचीला, अगदी कडेशी, पाऱ्यावर सुईने नखाएवढी रेघ ओढायची. वरून लाल रंगाचा हात. पुढून बघितलं की आरशाच्या कडेला एक बारीक तांबडी रेघ दिसायची.

"भिंतीवरची पेन्सिल पुसली जाते," वडील म्हणायचे. "हे पुसलं जाणार नाही."

ताईच्या नऊ रेघा झाल्या. मामांच्या आठ. धाकट्याची एकच झाली, तीन वर्षांची. पुढच्या वाढदिवसाआधी त्याला ताप आला आणि तो गेला. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. त्याच्या उंचीचं, तो होता याचं, घरात तेवढंच उरलं.

वडील गेले तेव्हा मामा एकवीस वर्षांचे होते. दुकान अंगावर पडलं. पुढच्या वर्षी ताईचं बाळंतपण होतं म्हणून आई तिच्याकडे दोन महिने गेली. मामा नुकतेच एका कारखान्यातून नवा पारा चढवायला शिकून आले होते आणि हात शिवशिवत होते. आई परत येईपर्यंत तिचा आरसा नवाकोरा करून ठेवायचा, असं त्यांनी मनात धरलं. आरसा दुकानात आणला, फळी काढली आणि जातिवंत आरसेवाल्यासारखं मागूनच काम सुरू केलं. मागे सगळीकडे सारखाच लाल रंग होता, रेघांचा मागमूस नव्हता. पुढे जाऊन आरशात बघायची त्यांना सवय नव्हती. तासाभरात सगळा पारा खाली फडक्यात आला.

आई आली, बरोबर ताई आणि दोन महिन्यांची भाची. आरसा परत घरी जागेवर लागला होता, लखलखत होता. आईने एकदा त्याच्या डाव्या कडेकडे बघितलं, म्हणाली, "छान झालाय," आणि आत गेली. त्यानंतर ती त्या आरशासमोर कधी उभी राहिली नाही. केस विंचरायला तिने हातातला छोटा आरसा काढला. ताई मात्र तिथेच उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन.

"अरे, तू धाकट्याला पुसून टाकलंस," ती म्हणाली.

मामांना तेव्हा आठवलं. तोवर खरंच आठवलं नव्हतं.

भांडण झालं नाही. मामांनी तो आरसा परत दुकानात नेला आणि मागच्या खोलीत भिंतीकडे वळवून ठेवला. ताई घरी येत राहिली, सगळ्या बऱ्यावाईटाला येत राहिली. पण दुकानाची पायरी तिने पुन्हा चढली नाही, आणि मामांनी तिला कधी "ये" म्हटलं नाही. चव्वेचाळीस वर्षं तो विषय दोघांच्या मध्ये होता आणि दोघंही त्याच्या बाजूने तिरके जात राहिले.

मग एका सोमवारी भाचीचा फोन आला. तिने ताईला कायमचं आपल्या शहरात न्यायचं ठरवलं होतं, बिऱ्हाड शनिवारी हलणार होतं.

"मामा, आई म्हणतेय, जायच्या आधी तुझ्या दुकानात यायचंय तिला. खोलीत लावायला एक आरसा हवाय."

मामांनी फोन ठेवला आणि मामीला म्हणाले, "ताई दुकानात येतेय." एवढंच. मामीने गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ येऊन बसली. ताई एकदा गेली की या वयात पुन्हा येणं कठीण, हे दोघांनाही कळत होतं. जे काही बोलायचं राहिलंय ते आता बोललं नाही तर राहूनच जाणार होतं.

तीन दिवस मामांनी दुकान डोक्यावर घेतलं. सगळ्यात देखणे पाच आरसे निवडून पुढे मांडले, ब्रशने नक्षीतली धूळ काढली. ताई आली ती काठी टेकत, भाचीचा हात धरून. दारात थांबून तिने एक नजर टाकली.

"बटण," ती म्हणाली.

मामांनी घाईघाईने बटण सरळ केलं. मग ते तिला एकेक आरसा दाखवू लागले, हा बघ किती हलका आहे, ह्याची काच बघ, पाण्यासारखी. ताई ऐकून घेत होती. पाचवा झाल्यावर म्हणाली, "तो कुठाय?"

कोणता, असं विचारायचं मामांना काही कारण नव्हतं.

मागच्या खोलीत दोघांनी, म्हणजे त्यांनी आणि भाचीने, तो आरसा भिंतीपासून वळवला. चव्वेचाळीस वर्षांत त्यांचा तो लखलखीत पाराही कडेने काळा पडला होता. हे मामांनी पहिल्यांदाच बघितलं. ताईने काठी भाचीकडे दिली आणि चौकटीवरून बोटं फिरवली.

"ताई," मामा म्हणाले. ते तिच्या बाजूला उभे होते, नेहमीसारखे तिरके. "माझं चुकलं गं. मला आठवायला हवं होतं."

"तू सात वर्षांचा होतास तो गेला तेव्हा. मी अकराची. तुला कसं आठवणार?" ताई म्हणाली. "राग तर पहिल्या वर्षातच गेला माझा. पण तू कधी विचारलंच नाहीस."

"काय विचारायचं होतं?"

"रेघ कुठे होती ते. फूटपट्टी मीच धरायचे ना." तिने एका घोसावर बोट ठेवलं, ज्यातला एक मणी तुटला होता. "इथे माझी, दहा वर्षांची. तुझी ह्या दुमडलेल्या पानाशी, शाळेत घातलं त्या वर्षीची. सगळं पाठ आहे मला. काच तू धुतलीस, चौकट कुठे धुतलीस?"

मामांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, जो चाळीस वर्षांत फक्त काचेसमोर धरला होता.

"सुई आहे का?" ताईने विचारलं.

चाळीस वर्षं पाऱ्याला नख लागू नये म्हणून जगाशी भांडलेला तो माणूस खणातून सुई घेऊन आला. फळी उतरवली. स्क्रू गंजले होते, त्यातला एक तुटलाच. ताई पुढे स्टुलावर बसली, मामा आरशाच्या मागे. आता दोघांना एकमेकांचा फक्त आवाज येत होता. साबणाचा तुकडा भाचीने दिला आणि ताईने खूण केली. भाचीने दोन्हीकडून माप जुळवून मागे पेन्सिलीचा ठिपका दिला.

"पक्ष्याच्या चोचीशी आहे ना?" मामांनी मागून विचारलं.

"चोचीच्या जरा वर," ताई म्हणाली. "त्याने टाचा उचलल्या होत्या. बाबा साबण आणायला वळले तेवढ्यात. माझ्याकडे बघून हसला. मी फूटपट्टी वर केली आणि बाबांना सांगितलं नाही."

"मग खरी कुठे घेऊ?"

"तो जिथे म्हणाला तिथेच घे."

मामांनी सुई टेकवली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, वडील धरायचे तसं. सुई हलली आणि पाऱ्यावर बारीक कुरकुर झाली.

"आली," ताई पुढून म्हणाली. "आली रे, दिसतेय."

त्यांनी वरून लाल रंगाचा हात दिला, ब्रश खाली ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकत उठून पुढे आले. बाजूला नाही, ताईच्या मागे, आरशाच्या अगदी समोर उभे राहिले. आरशात एक म्हातारी बसली होती, तिच्यामागे कलत्या मानेचा एक म्हातारा होता, आणि तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर, कडेला, एक ताजी तांबडी रेघ होती.

"बघ," ताई म्हणाली, "बसले तर माझ्या खांद्याला लागतो."